गावंडे गुरुजींचा पट

रविवारी सकाळी साडेसहाला भातकुली रस्त्याजवळच्या जुन्या खदानीच्या काठावर एक माणूस शाळेचं हजेरीपत्रक उघडून उभा असतो. पांढरा सदरा, पायात रबरी बूट, खिशाला निळा आणि लाल असे दोन पेन. तो खणखणीत आवाजात म्हणतो, "क्रमांक चार, दिवड." मग खदानीत साचलेल्या पाण्याकडे बघत थांबतो. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. शेवटी त्या पाणसापाचं बोटभर डोकं वर येतं आणि हा माणूस निळ्या पेनानं चौकोनात 'ह' लिहितो. हजर. डोकं वर आलं नाही तर लाल पेनानं 'गै'.

हे आमचे गावंडे गुरुजी. माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहतात. उभी नोकरी त्यांनी धारणीच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका वस्तीवर, एकशिक्षकी शाळेत काढली. निवृत्त होऊन अमरावतीला आले तेव्हा सोबत दोन ट्रंका, एक खुर्ची आणि अर्धं कोरं राहिलेलं हजेरीपत्रक आणलं. त्या कोऱ्या पानांवर आता सरडे, साप, बेडूक आणि पाली यांची नावं आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे.

माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे आणि रविवारी ते बंद असतं. रविवारी नऊपर्यंत झोपणं हा माझा एकुलता एक छंद होता. पण माझी साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि बायकोनं ही बातमी गुरुजींच्या कानावर घातली. दुसऱ्याच रविवारी पहाटे दाराची कडी वाजली.

"चालाचंच हाये तं कामानं चाला," गुरुजी म्हणाले. "रिकामं फिरून कोनाची साखर उतरली?"

खदानीवर पोचल्यावर हजेरी सुरू झाली. सगळे प्राणी झाले आणि एकदम माझं नाव आलं. मी शेजारीच उभा होतो, म्हणून गप्प राहिलो. गुरुजी लाल पेन काढून माझ्याकडे बघत राहिले. पन्नाशीच्या माणसानं सरड्यांच्या रांगेत 'हजर' म्हणायचं याची मला लाज वाटली, पण लाल पेन टेकायच्या आत मी म्हणालो. गुरुजींचा डबाही हजेरी संपल्याशिवाय उघडत नसे, हे दुसरं कारण. ज्वारीची भाकर, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. तो डबा डोळ्यांसमोर असला की माणूस काहीही म्हणतो.

गुरुजींच्या शाळेचे नियम कडक. एखादा प्राणी एकाच जागी तीन रविवार दिसला तरच त्याला प्रवेश. उन्हाळ्यात बेडूक जमिनीत गडप होतात, ती त्यांची मंजूर सुट्टी. एकदा मी विचारलं, "गुरुजी, मागच्या रविवारचा बेडूक हाच, हे कशावरून?"

"म्या जुळे पोट्टे शिकवले हायेत," ते म्हणाले. "वळखतो मी."

पण एकदा ओळखायला चुकले. बाभळीवरचा सरडा, क्रमांक नऊ, वैशाखात दिसेनासा झाला आणि त्याच झाडावर लालभडक गळ्याचा एक नवा सरडा आला. तीन रविवार झाले, गुरुजींनी त्याला क्रमांक बारा दिला. पुढे महिनाभर दर रविवारी बारा हजर आणि नऊ गैरहजर. मी भीतभीत म्हणालो, "गुरुजी, विणीच्या दिवसांत नर सरड्याचा गळा लाल होतो म्हणतात. हा नऊच तर नाही?" गुरुजींनी सरड्याच्या शेपटीवरचा जुना व्रण पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. तिथल्या तिथे बारा क्रमांकावर रेघ मारून त्यांनी बाजूला लिहिलं, 'दुबार नाव', आणि खाली सही केली. त्या दिवशी डबा उघडलाच नाही. परत येताना एवढंच म्हणाले, "पटावर खोटं नाव चढलं. माह्या हातानं चढलं." मला भुकेपुढे त्यांचं दुःख कळलं नाही, हे कबूल करतो.

गुरुजी साप पकडत नाहीत. लोकांना मात्र वाटतं, सापाकडे जाणारा माणूस पकडणाराच असणार. एका वावरातल्या घराजवळ धामण निघाली म्हणून बोलावणं आलं. घरची बाई काठी घेऊन उभी, भोवती दहा माणसं. गुरुजींनी चटई मागितली आणि काठी न् धामण यांच्या मधोमध बसले.

"पकडा ना, गुर्जी," बाई म्हणाली.

"मी पकडत नसतो. मी हजेरी घेतो."

"मंग ते जाईन कशी?"

"गोंधळ कमी झाला का जाईन. पोट्टे बी असेच असतात. इच्यात जहर नाई, माय. तुह्या घरातले उंदीर खाते ते. इले मारलं तं उंदरायची हजेरी कोन घेईन?"

तासाभरानं धामण धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, निघून गेली. गुरुजी तिच्या पाठीमागून म्हणाले, "शाळा सुटली, घरी जाय." त्या बाईनं आम्हाला चहा पाजला आणि जाताना विचारलं, "मंग तिचं नाव लिवलं का?" गुरुजींनी सांगितलं, अजून दोन रविवार दिसली तर.

एका गोष्टीवर मात्र ते अडून असत. पट अकराच्या खाली जाता कामा नये. एखाद्या रविवारी दहाच हजर असले की कासावीस होत आणि भर उन्हात मला अकराव्याच्या मागे हिंडवत. एकदा माझं डोकं फिरलं. परतताना टपरीवर चहा घेत मी म्हणालो, "गुरुजी, हा काही सरकारी पट नाही. दहा झाले काय अन् अकरा काय."

गुरुजींनी बशीत चहा ओतला.

"माह्या शाळेत अकराच पोट्टे होते शेवटी," ते म्हणाले. "दिवाळी झाली अन् सात जनं मायबापासंगं कामाले गेले, खाली, मैदानात. चार राह्यले. बाजूच्या शाळेतल्या एका मास्तरानं सांगतलं, गावंडे, मांडून टाका हजर, होळीले येतातच ते परत. खरंच येतात. होळी त्यायचा मोठा सन, कुठी बी असले तरी येतात. पन जो आला नाई त्याले हजर कसं मांडू? म्या गैरहजर मांडले. पट पाहून शाळा बंद झाली."

"मग?"

"मंग होळीले आले ना पोट्टे. अकराच्या अकरा. तं दाराले कुलूप." त्यांनी बशी खाली ठेवली. "फुलवंती नावाची पोरगी होती. ते पायरीवर बसली होती, पाटी घेऊन. मी सामान न्याले गेलो तवा."

त्यानंतर मी अकराव्याच्या मागे कुरकुर न करता हिंडू लागलो.

गेल्या श्रावणात क्रमांक एक गैरहजर राहिली. क्रमांक एक म्हणजे खदानीमागच्या धुऱ्यावरची घोरपड, गुरुजींची सर्वांत जुनी विद्यार्थिनी. पावसानंतर ऊन पडलं की ती बिळाबाहेर दगडावर पसरून पडायची आणि गुरुजींनी नाव घेतलं की जीभ बाहेर काढायची. पण शेतात जाणारी पांदणवाट रुंद करायला मशीन आलं आणि अर्धा धुरा सपाट झाला. एक रविवार गेला, दोन गेले. तिच्यावाचून पटावर दहाच उरले. गुरुजी माझ्याशी बोलेनासे झाले, डबा तसाच घरी परत जाऊ लागला.

पाचव्या रविवारी ते म्हणाले, "आता घरी जाऊन पाहाव लागन." गैरहजर मुलाच्या घरी जायची त्यांची जुनी सवय. माझ्या हातात हजेरीपत्रक देऊन ते उरलेल्या धुऱ्यावर चढले आणि गुडघ्यावर बसून बिळात डोकावत हाका मारू लागले. सत्तरीचा माणूस, चिखलात हात टेकलेले.

मी उभ्या उभ्या मागची पानं चाळली. तिथे ती अकरा नावं होती, वळणदार अक्षरात. सात नावांपुढे लाल 'गै', ओळीनं, दिवसामागून दिवस. फुलवंतीच्या ओळीत एका ठिकाणी लाल शाई पसरली होती. मला फार वाईट वाटलं. या माणसानं एक खोटं अक्षर लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटलं, आणि लिहिलं नाही म्हणूनच आपण याच्यामागे पहाटे उठून येतो, असंही.

गुरुजी खाली उतरले. सदरा मळलेला, चष्म्यावर माती. लाल पेन काढला.

"क्रमांक एक," ते म्हणाले. आवाज खणखणीत नव्हता.

"हजर," मी म्हणालो. "तुम्ही वर होता तेव्हा त्या बाजूनं शेपटी दिसली. गवतात गेली."

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. घरचा अभ्यास केला पण वही घरी राहिली, असं सांगणाऱ्या मुलाकडे ते नक्की असंच बघत असणार. मी खदानीकडे तोंड फिरवलं.

"शेपटी दिसली?"

"दिसली, गुरुजी."

त्यांनी लाल पेन खिशात ठेवला. निळा काढला, तोही परत ठेवला. मग पिशवीत बराच वेळ हात घालून पेन्सिलीचा एक तुकडा शोधून काढला आणि त्या चौकोनात अगदी बारीक 'ह' लिहिला.

"पेन्सिलनं मांडून राहिलो," ते म्हणाले. "होळीपावतर ठेवू. तवा तरी येईन ते."

मग दगडावर बसून त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्यापुढे धरली.

तेव्हापासून मी रविवारचा गजर पाचचा लावतो. गुरुजी यायच्या आधी एकटाच त्या धुऱ्यावर जातो आणि गवतात, दगडांखाली, नव्या बांधाच्या भेगांत शेपटी शोधत फिरतो.