चकलीच्या हाताची कॉफी

कॉफीत काय ठेवलंय, असं आनंदीबाई म्हणाल्या, आणि आनंदीबाई एकदा म्हणाल्या की घरात तो विषय संपायचा. नवरा केसरीनाथ शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाले होते आणि घरात तर त्याच्याही आधीपासून. मुलगा अनंता राहनाळच्या गोदामात कामाला होता, तो जेवायला तेवढं तोंड उघडायचा. राहिली सून लता. पत्रिकेत तिचं नाव विद्युल्लता, पण एवढं नाव हाक मारेपर्यंत दूध उतू जातं म्हणून आनंदीबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचा पुढचा भाग कापून टाकला होता.

लता बेळगावची. तिच्या माहेरी उठल्यापासून कॉफी. सासरी येऊन वर्ष झालं तरी तिला सकाळच्या गॅसला हात लावायला मिळाला नव्हता. सकाळचा गॅस आनंदीबाईंचा. त्यावर चहा व्हायचा, दाट, आल्याचा, आणि ज्याला तो चालत नसेल त्याने नळाचं पाणी प्यावं.

आता लतेची आई, सुमतीबाई, पहिल्यांदाच लेकीच्या घरी येणार होती. आनंदीबाईंनी लग्नातच तिला आमंत्रण देऊन ठेवलं होतं. "या हो विहीणबाई भिवंडीला, कॉफी पाजते," असं गोड बोलून त्या मांडवातून उठल्या होत्या. परत आल्यावर शेजारच्या हमिदेला त्यांनी खरं काय ते सांगितलं होतं. लग्नातली कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी.

"आई, कॉफी मी करू का? अक्काला सवय आहे माझ्या हातची," लता म्हणाली. आईला ती अक्का म्हणायची.

"का? मला हात नाहीत?"

"तसं नाही, पण..."

"हे बघ. तुझ्या आईने माझ्या कॉफीला नाव ठेवलं, तर दुसऱ्या दिवसापासून सकाळचा गॅस तुझा. मी स्वयंपाकघरात पायसुद्धा टाकणार नाही सात वाजेपर्यंत. झालं?"

केसरीनाथांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. असं काही त्यांनी संसारात ऐकलं नव्हतं. लतेचे डोळे चमकले ते आनंदीबाईंना दिसले.

तयारी जोरात झाली. कर्नाटकातून गोदामाला माल आणणाऱ्या एका ड्रायव्हरकडून अनंताने कॉफीच्या ताज्या बिया मागवल्या. आल्या त्या हिरवट, कच्च्या. "भूनना पडेगा, बोलला तो," अनंता म्हणाला. आनंदीबाई नुसत्या हसल्या. आळीत भाजणी भाजावी तर त्यांनी. त्यांची चकली तुटत नाही, मऊ पडत नाही, तेल पीत नाही. दिवाळीच्या आधी बायका सोऱ्या घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहतात. त्यांना भाजायला शिकवणारा हा ट्रकवाला कोण?

लोखंडी कढई चढली. बिया पिवळ्या झाल्या, तपकिरी झाल्या, तडतडल्या, आणि घरात असा धूर कोंडला की केसरीनाथ बाहेरच्या खोलीतून खोकत आले.

"काय जळतंय?"

"जळत नाही, भाजतंय. तुम्हाला फरक कळत असता तर आणखी काय पाहिजे होतं."

कॉफी करायचं यंत्र हमिदेकडून आलं. तिचा मुलगा इद्रीस कुवेतला होता. त्याने आणलेलं ते काचेचं उभं भांडं तिच्या कपाटात नवंकोरं पडून होतं. वर झाकण, झाकणातून जाणारी दांडी, दांडीच्या खाली जाळीची चकती. आनंदीबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"अगं, हा तर सोऱ्या."

"सोऱ्या न्हाय, आनंदीबाय," हमिदा म्हणाली. "इद्रीसने सांगितलंय. पूड जाडी ठेवायची, रव्यासारखी. वर गरम पाणी ओतायचं, जरा थांबायचं, मग हलक्या हाताने दाबायचं. एकदम हलक्या. काच हाय ती."

"हमिदा, दिवाळीत चकल्या कोणाकडून नेतेस?"

"तुझ्याकडनं."

"मग?"

भांडं आनंदीबाईंच्या हातात सोडून हमिदा घरी गेली.

आनंदीबाईंचा हिशेब सरळ होता. पीठ जाडं राहिलं की चकलीला तडे जातात, म्हणून पूड बारीकच हवी. त्यांनी ती मिक्सरवर फिरवली, मग जुन्या मलमलीतून गाळली, वर राहिलेली परत फिरवली, परत गाळली. पूड अशी झाली की तोंडाला लावली असती तर पावडर म्हणून खपली असती. आणि पाणी? घरी आलेल्या विहिणीला पाण्याची कॉफी घालायला हे काही बेळगाव नव्हतं. दूध, तेही म्हशीचं, वरच्या सायीसकट. साखर. किसलेलं जायफळ.

लता दारात उभी राहून पाहत होती. एकदा तिने "आई, साय..." एवढं म्हटलं. आनंदीबाईंनी नुसतं वळून पाहिलं, तेवढं पुरलं.

सुमतीबाई दुपारी आल्या. बाहेरच्या खोलीत केसरीनाथांसमोर बसल्या आणि पहिला अर्धा तास त्यांना एकही शब्द ऐकू आला नाही. खालच्या मजल्यावर रहमतुल्लाशेठचे कापडाचे यंत्रमाग. ते चालू असले की वरच्या घरातली जमीन पायाखाली थरथरायची आणि ताटातल्या वाट्या आपोआप सरकायच्या. त्या आळीत कोणी हळू बोलत नसे. प्रेमाचं असो, भांडणाचं असो, सगळं एकाच पट्टीत, कानाशी ओरडून. पाहुण्यांना वाटायचं घरात तंटा चाललाय.

"प्रवास कसा झाला?" केसरीनाथ ओरडले.

"नाही हो, जेवून आलो की," सुमतीबाई ओरडल्या.

आत काचेच्या भांड्यात पूड पडली, त्यावर उकळतं दूध पडलं. आनंदीबाईंनी झाकण बसवलं आणि दांडी दाबली. दांडी हलली नाही.

त्यांनी पदर खोचला. दोन्ही तळवे ठेवून दाबली. ती बोटभर गेली आणि अडकली, जशी काही खाली विटेची भिंत होती. साय जाळीला चिकटली होती आणि त्या महीन पुडीचं सिमेंट झालं होतं.

"सोड ना," हमिदा कानाशी ओरडली. भांड्याच्या काळजीने ती मघापासून येऊन उभी होती. "गाळणीने गाळ नि दे."

"सोऱ्यापुढे मी हरले नाही अजून," आनंदीबाई ओरडल्या. भांडं ओट्यावरून त्यांनी पाटावर घेतलं, चकलीला बसतात तशा उकिडव्या बसल्या आणि सगळा भार दांडीवर टाकला. दूध तोवर कोमट झालं होतं आणि डोकं तापलं होतं.

"अगं काच हाय."

"असू दे काच. ती बाहेर बसलीय ना, लग्नात आपल्याला भांडी विसळलेलं पाणी कॉफी म्हणून पाजणारी..."

आणि वीज गेली.

भिवंडीत वीज गेलेली दिव्याने कळत नाही, कानाने कळते. सगळे माग एकदम थांबले. आळीभर अशी शांतता पडली की कोपऱ्यावरच्या हॉटेलातली बशी वाजलेली ऐकू यावी. त्या शांततेत आनंदीबाईंच्या वाक्याचा शेपटाकडचा भाग, त्याच पट्टीत, खणखणीत बाहेर पडला.

"...त्या बाईला कळू दे कॉफी कशाला म्हणतात."

आपलाच आवाज ऐकून आनंदीबाई दचकल्या, तोल गेला, आणि इतका वेळ न हललेली दांडी एका दमात तळाला गेली. तोटीतून कॉफीचं कारंजं उडालं. अर्धं छताला लागलं. उरलेलं, काय ओरडा झाला म्हणून आत आलेल्या केसरीनाथांच्या धुवट सदऱ्यावर पडलं. ते तसेच उभे राहिले, हनुवटीवरून साय ओघळत.

"झाली वाटतं कॉफी," ते म्हणाले.

बाहेरच्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. तेच वाईट होतं.

हमिदेने आधी काच पाहिली. शाबूत होती. "शुकर," म्हणाली आणि तिथेच बसली. भांड्यात तळाशी काळा चिखल आणि वर घोटभर कॉफी. नवी करायला दूध नव्हतं, ते छतावर होतं.

"गरम पाणी घाल त्यात," आनंदीबाई लतेला म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या हळू बोलल्या. "हलव, आणि फडक्यातून गाळ."

लतेने भांड्यात गरम पाणी घातलं, खळखळून हलवलं, गाळलं. सगळ्यांचे कप भरले. कपाचा तळ स्वच्छ दिसत होता.

आनंदीबाई ट्रे घेऊन बाहेर गेल्या. कपाळावर कॉफीचा ठिपका होता, तो पुसायचं कोणी सांगितलं नाही. सुमतीबाईंनी कप घेतला. वास घेतला. एक घोट प्यायल्या, दुसरा प्यायल्या. माग अजून बंदच होते, त्यामुळे घोट गिळल्याचंसुद्धा ऐकू आलं.

"छान झालीय की हो," सुमतीबाई म्हणाल्या. "अगदी लग्नात आमच्याकडे होती तशीच. चवीत काही फरक नाही बघा."

हमिदेने पदर तोंडाला लावला.

लता कपाकडे पाहत अगदी सरळ आवाजात म्हणाली, "आई, मग अक्काने नाव ठेवलं म्हणायचं, की नाही ठेवलं?"

आनंदीबाईंनी विचार केला. नाव ठेवलं नाही म्हणावं, तर बेळगावची कॉफी चांगली होती असं कबूल करावं लागणार, तेही बेळगावच्या तोंडावर. ठेवलं म्हणावं, तर गॅस गेला. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. केसरीनाथ तर सदरा बदलायचा विसरून दारात उभे होते.

आनंदीबाईंनी आपल्या कपातलं ते पाणी एका दमात संपवलं आणि कप ठेवला.

"उद्यापासून सकाळचा गॅस तू पेटव," त्या लतेला म्हणाल्या. "पण आधी शिडी आण. छत पुसायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लतेने कॉफी केली. हमिदेचंच भांडं, पूड जाडी, पाणी गरम, हात हलका. दूध वेगळं तापवून वरून. आनंदीबाई कबूल केल्याप्रमाणे सात वाजेपर्यंत बाहेरच्या खोलीत बसून राहिल्या आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत राहिल्या की त्यांना कॉफीचं काही एवढं नाही.

मग त्यांनी दोन कप घेतले. दुसरा फक्त एवढ्यासाठी, की खाली माग सुरू झाले होते आणि त्या आवाजात पहिल्याची चव नीट कळली नव्हती.