पोस्टमास्तरांचा उजवा गुडघा

पोस्टमास्तरांचा उजवा गुडघा निवृत्तीनंतर लगेचच दुखायला लागला आणि घरातली जड कामं आपसूक त्यांच्या अंगावरून उतरली. सामान तिसऱ्या मजल्यावर चढवणं, माळा आवरणं, मेव्हण्याकडे जाणं, यातलं काहीच त्या गुडघ्याला सोसत नसे. कॅरमचा अड्डा तेवढा सोसे.

बायकोने मात्र हे दुखणं फारच मनावर घेतलं. इस्पितळात नव्या औषधाची चाचणी चालू आहे असं कळताच तिने त्यांना तिथे नेऊन उभं केलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं. औषध अतिसूक्ष्म कणांत भरलेलं, कणांना किंचित किरणोत्सारी खूण लावलेली. ते शिरेत टोचले की सुजलेला सांधा हुडकत जाणार आणि कॅमेरा त्यांचा मुक्काम पडद्यावर दाखवणार.

"म्हणजे रजिस्टर पार्सलच की," पोस्टमास्तर खुशीत म्हणाले. धोका त्यांच्या ध्यानात आला नव्हता.

पडद्यावर यकृत उजळलं, प्लीहा उजळली. गुडघे दोन्ही काळेकुट्ट. डॉक्टरीणबाईंनी सुईची जागा पाहिली, यंत्र तपासलं, पुन्हा चित्र घेतलं. गुडघा ढिम्म. शेवटी डोळे पुसत त्यांनी वरिष्ठांना फोन लावायला घेतला. औषध सांध्यापर्यंत पोचतच नाही, चाचणी बंद करू या, असं त्या सांगणार होत्या.

पोस्टमास्तर कॅमेऱ्याखालून उठून बसले. गप्प बसावं तर या पोरीची सगळी मेहनत मातीत जाणार, बोलावं तर शेजारी बायको उभी.

"फोन ठेवा, डॉक्टर. तुमचं पार्सल चुकलेलं नाही, मीच पत्ता खोटा दिला. या गुडघ्याला काहीही झालेलं नाही."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला. धडधाकट सांध्याकडे औषध फिरकत नाही, हे तर त्यांना सिद्ध करायचंच होतं. बायकोने मात्र त्या गुडघ्याकडे रोखून पाहिलं. पोस्टमास्तरांना माळा दिसू लागला.

"काका, घरात आणखी कुणाचं काही दुखतं का? या चित्रात खरं-खोटं लगेच कळतं."

"हिची कंबर आहे ना," पोस्टमास्तर कळकळीने म्हणाले. रोज सकाळी तिची कंबर धरायची, म्हणून तर पहिला चहा कायम तेच करत. "आजच बघून टाका."

बायकोने पर्स काखोटीला मारली आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना हळूच खाली उतरवलं.

"अहो, चला घरी," ती मायेने म्हणाली. "केवढा वेळ झाला, गुडघा दुखत असेल तुमचा."