अंगावर काय होतं?

मुंबईला निघालेला माणूस आमच्या चौकात जिवंतपणीच 'होता' होऊन जायचा, आणि हे काम मारुतीतात्या टेलर फुकटात करायचे.

नव्वदच्या पुढची गोष्ट. सांगलीच्या स्टँडजवळ माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक फोन आणि भिंतीवर समुद्राचं कॅलेंडर. शेजारी तात्यांचं दुकान, मधे नुसतं पत्र्याचं पार्टिशन. माझ्याकडे कोणी मुंबईचं तिकीट मागितलं की पलीकडची मशीन थांबायची. मशीन थांबली की मी तिकीटबुक मिटून ठेवायचो. तात्या गळ्यात टेप अडकवून बाहेर येत, गिऱ्हाइकाला पायरीवर उभं करत आणि जाडजूड वहीत लिहायला लागत.

"उंची पाच फूट चार होती. रंग सावळा होता. डाव्या भुवईवर वण होता. जरा हसा बघू. वरचा एक दात पुढं होता."

"आवं, होता काय म्हणताय? अजून हाय की!"

"आत्ता हाय," तात्या मान वर न करता म्हणायचे. "अंगावर काय होतं?"

मग ते त्याला शर्ट काढायला लावायचे. कॉलरची शिवण उसवून आत कापडाची पट्टी घालायचे, तिच्यावर नाव आणि गाव. पुन्हा टीप मारून शर्ट अंगावर चढवायचे आणि कॉलर अशी हळूच दाबायचे की त्या माणसाच्या मानेवर काटा यायचा. तीन जणांनी माझ्याकडची तिकिटं रद्द केली. चौथा गेला, पण जाण्याआधी बायकोला सगळी कपाटं उघडून दाखवून गेला.

परत आलेल्याने आधी दुकानात यायचं, हा तात्यांचा नियम. माणूस समोर उभा राहिला की ते वहीतल्या मजकुरावर लाल पेन्सिलीने रेघ मारायचे. तीही तशी नाही, पुन्हा मापं घेऊन. एकदा हायस्कूलचे गणिताचे मास्तर मुंबईहून परत आले. तात्यांनी टेप लावली, पुन्हा लावली, आणि पेन्सिल कानावर ठेवून दिली.

"खांदा अर्धा इंच कमी भरतोय."

"मग?"

"मग काय? आठ दिवसांनी या. बघू."

झालं! आठ दिवस मास्तर चौकातून जाताना लोक बोलायचे थांबत. मास्तरांच्या बायकोने माझ्या बायकोला विहिरीवर विचारलं म्हणे, "हे पूर्वी चहात साखर दोन चमचे घेत का हो?" नवव्या दिवशी खांदा बरोबर भरला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी तात्यांना हसलो, पण त्या आठ दिवसांत मीही मास्तरांशी एक हात राखूनच बोललो होतो. खोटं कशाला सांगू?

त्याच सुमाराला कोल्हापूरच्या माळावरून मुंबईला एक छोटं विमान सुटू लागलं. नवी कंपनी, सुरुवातीचा उतरवलेला दर. जेवून निघालेला माणूस चहाला मुंबईत. व्यापारी हौसेने तिकीट काढायला आले आणि मी नवी पाटी रंगवायला पेंटर बोलावला. तात्यांना मात्र ते विमान मुळीच पसंत नव्हतं.

"बशीनं जाताना माणूस सावकाश गाव सोडतो, वसंता. पेठ नाका, कऱ्हाड, सातारा. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा सुटत जातो. इमानानं एकदम उचलून नेला की अंग तिकडं पोचतं, माणूस हितंच स्टँडवर ऱ्हातो. असा अर्धा माणूस मुंबईत लगीच वळखू येतो."

"कुणाला?"

"वळखणाऱ्याला."

हे ऐकल्यापासून माझी पंचाईत झाली. विमानाने गेलेला कापडवाला मला दुसऱ्या दिवशी स्टँडच्या खांबाशी उभा दिसला. मी हातसुद्धा केला. त्याने केला नाही. नीट बघेपर्यंत खांबाशी कोणी नव्हतं, आणि तो तर तेव्हा मुंबईत होता.

विमानवाल्यांसाठी तात्यांच्या खास सूचना असत. मुंबईत मान वर करून इमारती बघायच्या नाहीत, नवा माणूस वर बघतो. पत्ता विचारायचा तर म्हाताऱ्या बाईला. पैसे चोरखिशात, आणि चोरखिसा पोटाशी नाही, पाठीशी. "आन् चुकलास तर हलायचं न्हाई. उभा ऱ्हायचं. हलनारा मानूस घावत न्हाई."

हे सगळं कुठून आलं होतं, ते चौकात सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांचा धाकटा भाऊ बाळू लग्नानंतर वर्षभरात गोदीतल्या कामासाठी मुंबईला गेला. दोन महिने पत्रं आली, मग बंद झाली. तात्या शोधायला गेले तेव्हा चौकीत पहिलाच प्रश्न आला, अंगावर काय होतं? तात्यांनी त्याला निघताना दोन शर्ट शिवून दिले होते, एक निळा, एक पांढऱ्यावर रेघांचा. कुठला घालून गेला ते त्यांना आठवेना. पुढचा प्रश्न, कॉलरला कुठल्या टेलरचं लेबल? लेबल नव्हतं. लेबल गिऱ्हाइकाच्या कपड्याला लावतात, घरच्या माणसाला कोण टेलर लेबल लावतो? जगभराच्या शर्टांवर तात्यांचं नाव होतं आणि सख्ख्या भावाच्या शर्टावर नव्हतं.

तेव्हापासून दर वर्षी दिवाळी झाली की तात्या बसने मुंबईला जात. तिथल्या एका कार्यालयात बेवारस मेलेल्या माणसांचे फोटो ठेवलेले असत, ते बघून येत. घरी बाळूची बायको सुमनवहिनी वाट बघत असायची. दिवसभर दुकानात बसून ती काज-बटणं करायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तात्या पायरीवर आले की ती एकच विचारायची, "होते का?" तात्या म्हणायचे, "न्हवं." तेवढ्या शब्दावर त्या बाईचं पुढचं वर्ष निघायचं. बाळू फोटोत नाही म्हणजे कुठेतरी आहे, असा तिचा हिशेब. तो चुकीचा आहे असं सांगायची आमच्यात कोणाची छाती नव्हती.

एका वर्षी तिथल्या ओळखीच्या कारकुनाचं कार्ड आलं. जुने फोटो नष्ट करणार आहेत, अमुक तारखेपर्यंत येऊन बघून जा. कार्ड तात्यांच्या जतकडच्या जुन्या पत्त्यावर फिरून आमच्याकडे पोचलं ते नेमकं त्याच तारखेला, सकाळच्या टपालाने. बस पोचेपर्यंत कार्यालय बंद. तात्या कार्ड हातात धरून नुसते उभे होते. मी फोन उचलला आणि दुपारच्या विमानात दोन जागा मिळवल्या. त्यांना एकटं पाठवणं शक्यच नव्हतं.

वहिनी पायरीवर आली. "भावजी, समदे फोटू बघा. गडबड करू नका."

"बघतो."

विमानात तात्यांनी पट्टा हातात घेऊन शिवण तपासली आणि "टीप बरी हाय" म्हणाले. हवाई सुंदरीने चोखायच्या गोळ्या दिल्या, त्या त्यांनी वहिनीसाठी खिशात टाकल्या. मग वही काढली आणि पुढच्या रांगेपासून सुरुवात केली. वय पन्नास, टक्कल होतं. बाई, हिरवी साडी होती. शेजारचा गृहस्थ वाचायला वाकला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे काय लिहिताय हो?"

"तुमचंबी घेतो. जरा हसा बघू."

तो मुंबईपर्यंत डोळे मिटून होता. खाली शहर दिसू लागलं, कौलं, पत्रे, चाळी, संपतच नव्हतं. तात्यांनी काचेला कपाळ टेकवलं. "एवढ्यात कुटंतरी," ते म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

कार्यालयात चार वाजता पोचलो. कारकुनाने आल्बम काढून ठेवले होते. बहुतेक तात्यांनी आधीच्या वर्षी बघितलेले. "आणि हा एक," तो म्हणाला, "कपाट हलवलं तेव्हा मागे पडलेला सापडला. हा तुम्हाला कधी दाखवलेला नाही."

फोटो काळेपांढरे, सगळे एकाच मापाचे. काहींचे डोळे मिटलेले, काहींचे कोणीतरी मिटवलेले. पंखा फिरत होता आणि वाऱ्याने पान उचललं की पुढचा माणूस आपणहून वर येतोय असं वाटायचं. तात्या चेहरे बघतच नव्हते. ते कॉलर बघत होते, खिसे बघत होते, बाह्यांची मुडप बघत होते. "न्हवं. न्हवं. न्हवं."

एका फोटोवर बोट थांबलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिलेला नव्हता. रेघांचा शर्ट. तात्यांनी अंगठा कॉलरवर ठेवला आणि शिवणीवरून सावकाश फिरवला, टोकापर्यंत, आणि परत.

"न्हवं," ते म्हणाले आणि पान उलटलं. पुढचे सगळे फोटो त्याच वेगाने बघितले. कारकुनाने विचारलं, सही करता? तात्यांनी 'यात ओळखीचे कोणी नाही' याखाली सही केली. नेहमीसारखीच सही होती.

बसने परत आलो. सकाळी चौकात उतरलो तर वहिनी पायरीवर उभी, हातात काज करायचा शर्ट तसाच.

"होते का?"

"न्हवं."

तिचा चेहरा उजळला. तात्यांनी गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या आणि ती चहा टाकायला आत गेली. ती आत गेल्याची खात्री करून तात्या मशीनवर बसले. कापड लावलं नाही, नुसती मशीन चालवायला लागले. आवाजाआडून म्हणाले, "उजवी कॉलर जरा आखूड झालीती. रेघांचा शर्ट निघायच्या घाईत शिवला हुता. बाळ्या हसला. म्हनला, दादा, घरच्याला कसंबी शिवतोस व्हय?"

मी आतल्या दाराकडे बघितलं. "तात्या, मग सांगायला नको का तिला?"

"काय सांगू? कपाळ पुस म्हनू?" त्यांनी मशीन आणखी जोरात चालवली. "आई जाऊन सा वर्सं झाली. आता तिला म्या आन् मला ती. बघू दे वाट. माजं बघून झालं."

वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवताना म्हणाली, "आता पुढच्या साली बी जानार न्हवं का?"

तात्यांनी मशीन थांबवली. बघायला आता कुठेच काही उरलेलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

"जानार की," ते म्हणाले.

त्यानंतर दर दिवाळीनंतर मी त्यांचं तिकीट काढत आलो. ते जात, दुसऱ्या दिवशी परत येत, पायरीवर "न्हवं" म्हणत. मुंबईत तो अख्खा दिवस ते कुठे बसून काढतात, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.