तीन हजार वर्षांचं सुतक

"गुडघे माझे आणि हौस ह्यांची," टेकडी चढताना सुमतीबाई कमलाकररावांच्या अगदी कानाशी पुटपुटल्या. "लोकांचे नवरे महाबळेश्वर दाखवतात. आमचे दगड."

कमलाकरराव ऐकू न आल्यासारखं करून चढत राहिले. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली होती आणि आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले होते. घरात त्याला सगळे 'ते झालं तेव्हा' एवढंच म्हणत. पुढचा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. तिथे शेजारच्या खाटेवर बुधाजी होता. त्याच्या गावामागच्या टेकडीवर दगडांचा फार जुना ढीग आहे, असं त्याने सांगितलं आणि यातून उठलो तर तो बघायचाच, असं कमलाकररावांनी तेव्हाच ठरवलं. डॉक्टरांनी चढायला परवानगी दिली, तसे ते निघाले.

वर पोचल्यावर सुमतीबाईंनी ढिगाचा एक सपाटसा दगड पदराने झटकला, त्यावर बैठक मारली आणि डबा उघडला. दुसरी पोळी हातात असताना वाट दाखवायला आलेला बुधाजी म्हणाला, "खावा निवांत, वयनी. खालच्याला काय तरास नाय."

"खालच्याला? कुठल्या खालच्याला?"

"पुरलेला हाय ना मानूस. तीन हजार वर्सं झाली, असं ते शहरातले सायेब सांगत व्हते. भाऊ बोलले नाय तुमाला?"

भाऊ बोलले नव्हते. भाऊंनी 'प्राचीन स्मारक' एवढ्यावरच भागवलं होतं. सुमतीबाई गुडघे विसरून टुणकन उठल्या.

"अगं बाई! थडग्यावर बसून जेवले मी! आता सुतक."

"तीन हजार वर्षांनी कसलं सुतक?"

"कळलं त्या दिवसापासून धरतात."

"अगं, तो आपल्या गोत्रातला तरी आहे का?"

"विचारलंत तुम्ही त्याला?"

कमलाकररावांनी डब्याचं झाकण लावलं.

पनवेलला परतल्यावर सुमतीबाईंनी त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही. मागच्या अंगणात आंघोळीला पिटाळलं. लेकीने, चारुताने, तिथे त्यांच्यासाठी ऊन पाणी नेऊन ठेवलं. स्वतः सुमतीबाईंनी पुढच्या नळावर, नेसत्या साडीनिशी, गार पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेतली. कपाळाचं कुंकू वाहून गेलं ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

समोरच्या मनिषाने कुंपणावरून पाहिलं. "काकू, अशा अवेळी डोक्यावरून? आणि काका कुठायत?"

"त्यांचं नाव काढू नकोस माझ्यापुढे," सुमतीबाई म्हणाल्या. "सुतक आहे." एवढं बोलून त्या कुडकुडत, तोंडावर पदर ओढून आत गेल्या.

अर्ध्या तासात मनिषा पिठलं-भाताची पातेली घेऊन दारात हजर झाली, कारण अशा घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. मागोमाग खांद्यावर पंचा टाकून दिनानाथ आले. आळीतली प्रत्येक अंत्ययात्रा तेच मार्गी लावत.

"लाख माणूस! माझे वडील आजारी होते, तेव्हा हा तीन दिवस त्यांच्या उशाशी बसला. मी मेल्याने एकदा आभार मानले नाहीत त्याचे."

आत भांग पाडत असलेल्या कमलाकररावांच्या कानावर त्यातलं अर्धंमुर्धं पडलं. ते बनियनवरच धावत बाहेर आले. "अरेरे, कोण गेलं? थांबा दिनानाथ, सदरा चढवतो. मीही येतो."

मनिषाच्या हातातलं पातेलं कललं, ते चारुताने वरच्यावर धरलं.

"जिवंत आहात, तर आधी सांगायचं नाही का?" दिनानाथ ओरडले आणि त्याच पंच्याने डोळे पुसायला लागले.

आता आणलेलं अन्न परत कोण नेणार? सगळे तिथेच पंगतीला बसले. पिठल्यातल्या मिठावर बोलणं झालं, नळाला कमी येणाऱ्या पाण्यावर झालं. कमलाकररावांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

"पण गेलं कोण, ते सांगाल की नाही?"

सुमतीबाईंनी हातातला डाव पातेल्यात ठेवला.

"तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मेलात, असं वाटलं त्यांना. त्या दिवशी दवाखान्यात मलाही तसंच वाटलं होतं. हे मेले, आता मी कुणावर चिडू? राहिलात हो. फार उपकार झाले."