आबा डॉक्टरांच्या काचा

आमचे शेजारी आबा डॉक्टर माणसाचं तोंड बघतच नसत, कातडी बघत. भर पंगतीत वाढप्याचं मनगट धरून म्हणायचे, "थांब रे, जरा खरवडून घेतंय." वाढपी भातासकट पळायचा.

पन्नास-साठच्या दशकांत मसुऱ्यात सूक्ष्मदर्शक त्यांच्या एकट्याकडे. गाव त्याला दुर्बीण म्हणे. खरवडलेली कातडी काचेच्या पट्टीवर रंगवून ते त्याखाली ठेवत. मी शाळामास्तर, त्यामुळे बघण्याची सक्ती माझ्यावर. "मास्तरांनू, ह्यां गजकर्ण. पेशींमधून कशे धागे पळतत बघा! ह्यो सोरायसिस. थरावर थर, सगळो कच्चो माल वर." महारोगाच्या काचेत तांबड्या काड्यांच्या जुड्या. आणि लगेच तितक्याच हौसेने, "ह्यो तोंडवलीचो बाबी. गेल्या साली बुडालो तो." मी डोळा झटकन काढून घ्यायचो. माणूस समुद्रात, आणि त्याची कातडी इथे कपाटात, कोरडी, रंगवलेली.

गावाने याचा आपला अर्थ लावला. कोणाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना की सगळी वचनं देऊन व्हायची आणि मग कोणीतरी म्हणायचं, "तेची काच आबांकडे आसा. जीव थंयच अडकलो." आबा चरफडत काच घेऊन नदीवर यायचे, पिंडाशेजारी ठेवायचे. "कावळ्याक भूक लागली काय तो येतलो. काचेचो काय संबंध?" एवढ्यात कावळा उतरायचा. दर वेळी. भर उन्हात माझ्या अंगावर काटा यायचा. आबा मात्र हसत काच खिशात टाकून दवाखान्यात जायचे.

मग आबांची बायको, आमच्या काकी, अंगभर फोड येऊन आजारी पडल्या. आबांनी एका फोडाच्या तळाची काच केली. काय दिसलं ते बोलले नाहीत. पावसाळा संपायच्या आत काकी गेल्या.

दहाव्याला कावळे फांदीवर ओळीने बसले आणि एकही हलला नाही. आबांनी हात जोडून सगळी वचनं दिली. शेवटी भटजींनी हळूच मागितली, "आबा, काच हाडा."

"माझ्याकडे तिची काच नाय."

दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी परतलो.

संध्याकाळी गेलो तर आबा दुर्बिणीवर वाकलेले. सरकून मला जागा दिली. एरवी एकमेकींना घट्ट धरून राहणाऱ्या पेशी हात सोडून गोल झाल्या होत्या. एकेकटी, दूर दूर.

"काकी?"

"होय." आबा पुन्हा भिंगावर वाकले.

मला खरंच राग आला. "आबा, तुमी ह्यां मानणास नाय मां? मगे काच दिली असती तर काय बिघडलां असतां?"

आबांनी डोळा भिंगावरून काढला नाही.

"आणि कावळो खरोच शिवलो असतो तर?"