रंभाबाईंची नाली

“बेल बिघडली काय वं? कोणी वाजवूनच नाही राहिलं.”

देवराव दाराकडे तोंड करून पुटपुटले, पण स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोला, यमुताईंना, ते कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं. बेल चांगली होती. सकाळीच दूधवाल्यानं वाजवली होती. पण हे सांगायचं म्हणजे त्याच्या पुढचंही सांगायचं, म्हणून त्या नुसत्या “पाहते” म्हणाल्या आणि तेलात मोहरी टाकली.

कळमन्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत त्यांची वस्ती. देवराव तिथले नगरसेवक. म्हणजे, होते. मुदत संपली, निवडणूक लांबत गेली, सभागृहाला कुलूप लागलं आणि साहेबलोक परस्पर कारभार पाहू लागले. पण पुढच्या खोलीतल्या लाल खुर्च्यांना हे कोणी कळवलं नव्हतं. नवरदेव रस्त्यात अडकलेल्या लग्नातल्यासारख्या त्या ओळीनं मांडलेल्याच होत्या. फाटकावर ‘नगरसेवक’ अशी पाटी होती. तिच्यावर यमुताईंनी मधुमालतीचा वेल असा काही चढवला होता, की येणाऱ्याजाणाऱ्याला नुसतं ‘देवराव’ दिसावं. वस्तीतही कोणी तो विषय काढत नसे. लोक “काय भाऊ, बरं हाय ना?” म्हणत आणि उत्तराच्या आत पुढे निघून जात. देवराव मात्र रोज इस्त्रीचा सदरा घालून बसत आणि दिवसेंदिवस त्या सदऱ्यात मावेनासे होण्याऐवजी हरवत चालले होते.

तेवढ्यात एक समिती नेमली गेली. शहराचा कारभार नव्यानं कसा बसवायचा, प्रभागात चार नगरसेवक असावेत की एक, लोकांचं काम किती वेळात झालं पाहिजे याची नवी सनद कशी असावी, असं सगळं ती ठरवणार होती. नागरिकांनी येऊन सूचना कराव्यात, असं जाहीर झालं. देवरावांनी त्या दिवशी दाढी दोनदा केली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. चौघांच्या प्रभागात खड्डा कोणाचा आणि नळ कोणाचा हे त्या चौघांनाही ठाऊक नसतं. एका वस्तीला एक माणूस द्या. लोकांना मोबाइलमधलं ॲप नको, वाजवायला एक दार पाहिजे.

“पण लोक अजून दारी येतात, हे त्यांना दाखवावं लागंन ना,” ते म्हणाले, आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले.

यमुताईंना ते बघवलं नाही. दुपारी त्यांनी समोरच्या रंभाबाईंना गाठलं. दोन दिवसांत मी घर माणसांनी भरून दाखवते, अशा थाटात त्यांनी बेत सांगितला: तुम्ही फक्त यायचं, नाली तुंबली म्हणायचं, चहा घ्यायचा आणि जायचं. रंभाबाईंचा कळमन्यात संत्र्यांचा धंदा. सडकं संत्रं गोड म्हणून विकताना त्यांचा आवाज कधी हलला नव्हता. त्यांनी लगेच पदर खोचला.

त्या आल्या. त्यांच्या मागं यमुताईंनी पढवलेल्या आणखी चार-पाच जणी आल्या. कोणाचा दिवा बंद, कोणाकडे डुकरं. देवराव सगळ्यांचं मान हलवून ऐकून घेत होते. त्या रात्री त्यांनी भाकरी दुसऱ्यांदा मागितली. यमुताईंनी वाढली आणि परातीत तोंड घालून डोळे पुसले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण सुनावणीला देवराव रंभाबाईंनाच साक्षीला घेऊन गेले! आणि समोर एवढी साहेबमंडळी बघून रंभाबाईंच्या अंगात आलं. पाणी चुलीपर्यंत आलं, मी पलंगावर बसून जेवते, नातवाची शाळेची चप्पल वाहून गेली, असं त्या सांगत सुटल्या. त्यांना नातू नव्हता. देवराव उभे राहिले आणि असे बोलले, की समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त साहेब, चष्मा काढून ऐकत राहिले. शेवटी ते म्हणाले की नव्या सनदेच्या मसुद्यात तक्रार दुसऱ्या दिवशी मिटवायचं कलम आहेच. मग या बाईंच्या नालीपासूनच सुरुवात करून दाखवू.

मागच्या बाकावर यमुताई बसल्या होत्या. एका वाक्यात हे थांबवता आलं असतं. पण देवराव वळून त्यांच्याकडे बघत होते, लग्नाच्या फोटोत बघत होते तसे. ते वाक्य त्यांनी गिळलं.

सकाळी गल्लीत खोदायचं मशीन आलं. नाली कोरडी ठणठणीत. तळाशी मांजर झोपलेली. देवरावांनी त्या मांजरीकडे बराच वेळ पाहिलं आणि ते घरात निघून गेले.

“कुठं तुंबली, मावशी?” मशीनवाल्यानं विचारलं.

रंभाबाईंनी यमुताईंकडे पाहिलं. यमुताईंनी वेलाकडे पाहिलं. आता माघार घ्यायची कशी, म्हणून रंभाबाईंनी डोळे मिटून हात केला. जिथं बोट गेलं तिथं मशीनचा पंजा पडला, आणि पिण्याच्या पाण्याची मोठी लाइन फुटून कारंजं उडालं, ते थेट वरच्या गच्चीवरच्या पापडांपर्यंत!

मांजर वाचली. वस्ती कोरडी पडली.

मग मात्र बेल वाजली. इतकी वाजली की दुपारपर्यंत खरोखरच बिघडली. खुर्च्या भरल्या, माणसं पायरीवर बसली. देवरावांनी पाणीखात्यात फोन लावला. “मी देवराव बोलतो,” एवढं म्हणून ते थांबले. पलीकडून विचारलेलं सगळ्यांना ऐकू गेलं: कोण देवराव? ते “मी... इथला...” म्हणाले. त्यांना अदबीनं सांगण्यात आलं की काका, तक्रार ॲपवर टाका. त्यांनी फोन ठेवला. खोलीतले सगळे पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

संध्याकाळी टँकर आला. चालवणारा कवडू जुना माणूस. वस्तीत टँकर आला की पहिली नळी नगरसेवकाच्या दारी लागायची, हे त्याच्या हातालाच ठाऊक होतं. कोपऱ्यावरची सारी गर्दी ओलांडून त्यानं गाडी नेमकी देवरावांच्या फाटकाशी आणून उभी केली. हंडे-बादल्या घेऊन माणसं मागून धावत आली, आणि देवरावांचं दार बघून आपोआप थोडी मागं सरकली. यमुताईंनी घाईनं आपली बादली नळीखाली ठेवली.

देवराव बाहेर आले. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या होत्या. त्यांनी नळीखालची बादली उचलली, रंभाबाईंचा हंडा तिथं सरकवला आणि रांगेच्या शेवटाकडे चालू लागले.

“अहो, आपला नंबर पहिला हाय ना,” यमुताई हलकेच म्हणाल्या. “कवडूनं गाडी आपल्यासाठीच आणली इथं.”

“काहून पहिला?” देवराव थांबून म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या हंड्यापर्यंत गेला. “मी आता नगरसेवक नाही, यमू.”