लच्मा चहा ठेवायला आत गेली

कोणत्याही गावाची उंची तिथल्या लोकांनी कल्पिलेल्या माणसांवरून मोजावी, असे जाणते सांगतात. या मापाने नेर बरेच उंच भरते. तिथे 'चौकी नंबर सात चाहते लेखक मंडळ' आहे. टीव्हीवरची 'चौकी नंबर सात' ही जंगलखात्याची मालिका संपली, तेव्हा बाकीच्या गावांनी हळहळून दुसरी मालिका लावली. नेरकरांनी त्याच पात्रांच्या पुढच्या कथा स्वतःच लिहायला घेतल्या. तीन वर्षांत एकशे अठरा झाल्या. (मालिकेचे भागच मुळात नव्वद होते.)

मंडळात रंगभेद अजिबात नाही. घटनेचे पहिलेच कलम तसे आहे. एकदा लिहून ठेवले की पुन्हा पुन्हा आठवावे लागत नाही.

दर रविवारी चार वाजता अध्यक्षा विमलताईंच्या बैठकीच्या खोलीत कथावाचन होते. सोयाबीन निघाल्यानंतरच्या त्या रविवारी दिवाळी अंकासाठी निवड होती, आणि त्यात रंजिताचेही नाव होते. ही तांड्यावरची पोर, वर्षभर मंडळाची सभासद, पण कथा पहिल्यांदाच दिलेली. तिची आई लालीबाई ती मालिका बघत त्या फक्त लच्मा टेकामसाठी. लच्मा म्हणजे कोलामांच्या पोडावरची, त्यांच्या पाड्यावरची, वनरक्षक. ती पडद्यावर आली की लालीबाई चुलीवरची भाकर सोडून येत, ती गेली की परत चुलीकडे. "आपल्यासारखी दिसते," एवढीच त्यांची समीक्षा. लच्माची गोष्ट छापून आली की तुला वाचून दाखवीन, असे रंजिता याडीला, म्हणजे आईला, बोलून बसली होती.

पहिला चहा आला. तो पिऊन सचिव अक्षयने वार्षिक अहवाल वाचला.

मालिकेत लच्माने पुण्याहून आलेल्या विहानसाहेबांना तीनदा विहिरीतून काढले होते आणि एक वाघ नुसत्या नजरेने परत पाठवला होता. मंडळाच्या एकशे अठरा कथांत तिने तीनशे सत्तेचाळीस वेळा चहा केला. साहेबांसाठी एकोणचाळीस वेळा प्राण दिले. (पुढच्या कथेत ती चहापुरती उठते, त्यामुळे कोणाचीच गैरसोय होत नाही.) साहेबांच्या प्रेमात एकदाही पडली नाही, कारण ती त्यांना भाऊ मानते. साहेबांना याबद्दल कोणत्याच कथेत विचारलेले नाही. मालिकेत ती सरळ काळी होती. कथांत कोणी तिला 'काटक' म्हटले, कोणी 'तेल पाजलेल्या सागवानासारखी', आणि कौतुक अगदीच अनावर झाले तेव्हा 'मनाने गोरी'.

याउलट छत्रीवाला. त्रेचाळिसाव्या भागात एक गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा इसम छत्री घेऊन येतो, "ही बस मुकुटबनला जाते काय?" असे विचारतो आणि निघून जातो. एकूण अकरा सेकंद. त्याच्यावर एकसष्ट कथा झाल्या. तो कविता करतो, त्याचे बालपण दुःखात गेले, आणि त्याला शेंगदाणे चालत नाहीत, हे सर्व मंडळाने संशोधनाने शोधून काढले. मंडळातल्या निकिताने तर त्याच्या आजोबांवरही कादंबरी सुरू केली होती.

"हे काही रंगाचं नाही," अक्षयने अहवाल मिटताना सांगितले. "त्याच्या पात्रात खोली हाये."

दुसरा चहा आला. या खेपेला आलं जरा सढळ पडले होते, अशी नोंद झाली. मग रंजिताची कथा निघाली. चौदा पानांच्या कथेत लच्मा वणवा विझवते, वाघाला वाट देते, साहेबांना झाडावरून उतरवते आणि शेवटी साहेब तिला मागणी घालतात. ती विचार करून सांगते म्हणते.

वाचन संपले. मग निकिताने चष्मा पुसला. "चौदा पानं झाले अन् चहा कोणीच नाही केला? साहेब काय तसेच बसून राह्यले?"

"ते झाडावर होते," रंजिता म्हणाली. "अन् लच्माले वेळ कुठं हाये, वणवा पेटून राह्यला ना."

"मंग मरते तरी का ती?" अक्षयने विचारले.

रंजिताने नाही म्हटले. अक्षयने वहीत फुली मारली.

विमलताई मायाळू बाई. त्यांनी रंजिताच्या पाठीवरून हात फिरवला. "कथा झकास हाये, पोरी. तू आपलीच हायेस म्हणून सांगतो. वाचणाऱ्याले पटाले पाह्यजे. लच्मा म्हटली का माणूस चहाची वाट पाह्यते. एवढं घाल, छापतो. मले काहीच अडचण नाही."

"बरं, काकू," रंजिता म्हणाली, आणि कपबशा गोळा झाल्या.

तिने आठ दिवसांत बदल करून दिला. दुसऱ्याच पानावर लच्मा "चहा ठेवते" म्हणून आत जाते. पुढे वणवा पेटतो. सगळे बसून असतात. वाघ ओसरीवर येतो. साहेब झाडावर चढतात. छत्रीवाला बस विचारायला येतो आणि तोही रांगेत बसतो. चौदाव्या पानावर जंगल संपते, कथा संपते, चहा आलेला नसतो.

मंडळाने ती एकमताने निवडली. आता कशी पटते, असा शेरा पडला. अंक निघाल्यावर वाचकांची अकरा पत्रे आली. सर्वांत एकच चौकशी, साहेबांना चहा मिळाला की नाही.

लालीबाईंनी मात्र ऐकताना पदर तोंडाला लावला आणि खांदे हलेस्तोवर हसल्या. मग विचारले, "आत काय करून राह्यली ते?"

"बसली हाये, याडी," रंजिता म्हणाली. "खुर्चीवर."

अंकाच्या सत्काराची बैठक पुढच्या रविवारी झाली. रंजिता या खेपेला पहिल्या रांगेत, खुर्चीवर, मांडीवर अंक घेऊन बसली. अक्षयचे भाषण झाले. निकिताचे दोनदा झाले. साडेपाच वाजले, तरी घसे कोरडेच. विमलताई आतल्या दाराकडे पाहत होत्या, अक्षय विमलताईंकडे, निकिता पंख्याकडे. काय चुकते आहे ते कोणाला सांगता येईना, कारण तसा ठराव कधी झालेलाच नव्हता. रंजिताने शांतपणे पान उलटले.

मंडळाला हसू नका. वाचकहो, या गोष्टीत तुम्हीही आमच्यासोबत दोन चहा घेतलेत. दुसऱ्यातले आलंसुद्धा तुम्हाला आवडले असेल. ते दोन्ही चहा कोणी केले, हे एवढ्या वेळात विचारलेत का?